भिंतीवरची बारावी जागा

शेफील्ड, बुधवार

चि. नेव्हिल यास,

विनिफ्रेड आत्याचे आशीर्वाद. एरवी मी 'अनेक' आशीर्वाद लिहिते. या खेपेला मोजकेच आहेत, जपून वापर.

डोरीन रॅगची भिंतीवरची जागा काढून ती तुला देण्यात आली आहे. ती तू सोडावीस, म्हणून मला हे पत्र लिहावं लागत आहे. एवढं मुद्द्याचं बोलून झालं, आता रीतीप्रमाणे क्षेमकुशल. तुझी प्रकृती उत्तम असावी, निदान टीव्हीवर दात तरी उत्तम दिसतात. सौ.ची (सध्याच्या) प्रकृतीही बरी असेल. माझा गुडघा चढ चढताना कुरकुरतो, आणि या गावात चढ सोडून दुसरं काही नाही, तेव्हा तो दिवसभर कुरकुरतो. त्याचं मी ऐकत नाही. लोकांची कुरकुर ऐकून घ्यायची सवय मला शाळेतही नव्हती.

शनिवारी सभागृहातून तू मोटारीत बसून निघून गेलास, आणि मागे काय झालं ते तुला कोणी कळवलं नसणार. कळवणार कोण? तुझ्याभोवती असतात ती सगळी हसणारी माणसं. म्हणून मीच सांगते, आणि पहिल्यापासून सांगते, कारण तुला पहिल्यापासून काहीच ठाऊक नाही.

आमच्या पोहण्याच्या तलावाच्या लांब भिंतीवर या शहरातल्या नामवंतांची चित्रं काढायची, असं वस्तीच्या समितीने हिवाळ्यात ठरवलं. जागा बारा. अकरा नावांवर भांडणं झाली, पण ती नीट, चहा पिऊन झाली. एक गोलरक्षक, दोन गाणारे, एक धावणारी मुलगी, न गंजणारं पोलाद शोधून काढणारा तो भला माणूस, दोन मंत्री (एकाचं नाव घेतलं की अर्धी समिती उठून जाते, दुसऱ्याचं घेतलं की उरलेली अर्धी), आणि असेच आणखी. एक बाई तर केवळ इथे जन्मली एवढ्यासाठी आहे. तिच्या आईला गाडीतच कळा सुरू झाल्या आणि आमचं स्टेशन मध्ये आलं. बाई बोलू लागायच्या आत गाव सोडून गेली. यादी नीट पाहिली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की यातले बहुतेक जण पहिली संधी मिळताच इथून पळाले आहेत. मी लीड्सला तीन वर्षं इतिहास शिकले आणि जन्मभर तो शिकवला, पण नामवंत होण्याची ही युक्ती कोणत्या पुस्तकात सापडली नाही. आधी गाव सोडावं, मग गाव आपल्याला भिंतीवर चढवतं. जे राहतात त्यांनी ती भिंत पुसायची.

म्हणून बारावी जागा राहिलेल्या माणसाला द्यायची, असा ठराव मी मांडला आणि डोरीनचं नाव सुचवलं. एकही हात खाली राहिला नाही.

डोरीन कोण हे तुला सांगावं लागतंय, यातच सगळं आलं. चौदाव्या वर्षी ती चमचे-काट्यांना चकाकी आणायच्या कामाला लागली. फिरत्या चाकाशी उभं राहायचं, तेल आणि वाळूचा काळा राडा दिवसभर अंगावर उडायचा. म्हणून मुली अंगाला तपकिरी कागद गुंडाळून वर सुतळी बांधत, डोक्याला लाल रुमाल. एका वर्षी मालकाने ठरवलं, की कागदसुद्धा मुलींनी आपल्या पगारातून आणावा. (कारखान्याचं नाव लिहीत नाही. मालकाची नात माझ्याकडे शिकली, मुलगी गुणी होती.) त्याच आठवड्यात मालकांची नाताळची मेजवानी होती. डोरीन सगळ्या मुलींना घेऊन, तशाच काळ्या अंगाने, कागदासकट, आत शिरली, आणि एकेक जण पांढऱ्या चादरीच्या टेबलाशी पाहुण्यांच्या मधोमध बसली. डोरीनने फक्त बटाटे पुढे करायला सांगितलं. बदकाचं मांस संपायच्या आत कागद फुकट झाला आणि हातपाय धुवायला गरम पाण्याचा नळ मिळाला. पुढे नदीकाठच्या इतर कारखान्यांतही तो नळ आला, कारण मेजवान्या सगळेच मालक देत होते.

आता असं समजू नकोस की डोरीन कोपऱ्यात बसून 'माझं काय एवढं' म्हणणारी आहे. मुळीच नाही. भिंतीवर आपण यावं ही तिची इच्छा उघड, ठणठणीत होती. नाव पक्कं झाल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने निळी टोपी घेतली. चित्रकारासमोर दोन वेळा बसली आणि दोन्ही वेळा नाकाबद्दल सूचना दिल्या. रॉदरहॅमच्या बहिणीला, मेव्हिसला, फोन केला. (या दोघींची चढाओढ पाळण्यात सुरू झाली ती अजून चालू आहे. मेव्हिसचा जावई दंतवैद्य आहे, हे डोरीनला गेली कित्येक वर्षं ऐकावं लागतंय.) "तुझा जावई दुसऱ्यांच्या तोंडात बघतो गं, माझ्या तोंडाकडे आता सगळं गाव बघणार," असं सांगून तिने फोन ठेवला. भिंतीवर खडूने तिचा आकार उमटला, टोपीसकट.

मग समितीला नवे अध्यक्ष मिळाले. पिअर्स हॅल्डेन. दक्षिणेकडचे आहेत, इथे घरं स्वस्त म्हणून आले. माणूस वाईट नाही, फक्त त्याचा विश्वास त्याच्या फोनवर आहे. त्याने डोरीनचं नाव फोनमध्ये शोधलं, तर कॅनडात कोंबड्या पाळणारी एक डोरीन रॅग निघाली. आमची निघाली नाही. "नामवंत म्हणजे ज्यांचं नाव शोधल्यावर सापडतं ते," असं त्याने मला समजावलं. मी म्हटलं, "तिच्या दाराची घंटा वाजवा, लगेच सापडेल." तो हसला. मी हसले नव्हते. मग त्याने तुझं नाव शोधलं, आणि तू सापडलास. ढिगाने सापडलास.

चित्रकाराने श्रम वाचवले. डोरीनचाच आकार ठेवून त्यात तुझी हनुवटी बसवली. त्यामुळे या घडीला तू तलावाच्या भिंतीवर डोरीनची टोपी घालून उभा आहेस. रंग सोमवारी भरायचा आहे.

आता शनिवारचा तुझा सत्कार. म्हाताऱ्या टर्टनने तुझ्यासाठी चाकू केला होता. हा माणूस एका खोलीत, एका खिडकीशी, एकटा चाकू घडवतो, आणि आता तसे फार थोडे उरले आहेत. हरणाच्या शिंगाची मूठ, पात्यावर तुझं नाव. (तुझं खरं नाव, 'नेव्हिल स्टॅनिफोर्थ'. तू पडद्यावर लावतोस ते 'नेव्ह स्टॅन' नव्हे. आडनावाचं शेपूट कापून तुला काय मिळालं, देव जाणे.) टर्टनने डाव्या हाताने चाकू पुढे केला आणि उजवा हात पसरला. शेफील्डमध्ये जन्मलेल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, की चाकू फुकट घ्यायचा नसतो. घेणाऱ्याने स्वतःचं एखादं नाणं द्यायचं, कितीही लहान चालतं, नाहीतर पातं माया तोडतं. आणि तू काय केलंस? तू त्या हाताशी हस्तांदोलन केलंस. त्याने हात तसाच ठेवला. तू पुन्हा हस्तांदोलन केलंस. तरी हात तिथेच, तेव्हा तू त्या माणसाला मिठी मारलीस! टर्टनला त्याच्या बायकोनेही चारचौघांत मिठी मारलेली नाही. तो खांबासारखा उभा राहिला, हात तुझ्या पाठीमागे पसरलेलाच.

पिअर्सने तुझ्या कानात रीत सांगितली (त्या दक्षिणेच्या माणसाने तुला सांगावी!). तू खिसे चाचपलेस. नाणं नाही. मग फोन वर काढून विचारलंस, "यावरून चालेल का?" तुला वाटलं लोक हसतील. हसलं कोणी? पिअर्सने आपल्या खिशातलं नाणं पुढे केलं, तेव्हा मागच्या रांगेतून डोरीन ओरडली, "उसनं चालत नाही रे बाळा! त्याचं नाणं दिलंस तर माया त्याची राहील, तुझी नाही!" आणि शेजारणीला, सगळ्यांना ऐकू जाईल अशा हळू आवाजात, "दिसायला बरा आहे हो मेला, पण खिशात दमडी नाही."

टर्टनने चाकू मिटला आणि कोटाच्या खिशात परत ठेवला. "माझ्या हातून आजवर कोणी फुकट पातं नेलं नाही, साहेब," म्हणाला आणि बसला.

एवढ्यावर तू थांबतास तरी मी काही म्हटलं नसतं. पण तू भाषण केलंस. आमच्या गोड गोड समजुती, आमची साधी माणसं, आणि पोलादाच्या भट्टीपुढे घाम गाळणारा तुझा बाप. नेव्हिल, तुझा बाप माझा सख्खा भाऊ होता. तो बाजारातल्या दुकानात बायकांचे बूट विकायचा. उत्तम विकायचा, पाय बघून माप सांगायचा, त्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं. तापलेलं लोखंड त्याने पाहिलं असेल ते पाटलोणीला इस्त्री करताना. पुढच्या रांगेत खऱ्या भट्टीवरची चार माणसं बसली होती, एकाच्या हाताला तीनच बोटं. त्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण ती सभ्य आहेत. मी वाजवल्या नाहीत. मी आत्या आहे.

मंगळवारी मी समितीपुढे उभी राहिले आणि जे बोलायचं ते बोलले. पिअर्सचे कान लाल झाले, पण तो हटला नाही. नगरपालिका रंग आणि परांची देते आहे ती तुझ्या नावावर. तुझं नाव त्यांना आपणहून काढता येत नाही. तू स्वतः लेखी जागा सोडलीस, तर बारावी जागा मूळ ठरावाप्रमाणे डोरीनला. पत्र शुक्रवारच्या आत हवं.

आणि डोरीन? ती या विषयावर बोलत नाही, हीच तर काळजी. आमच्या सोमवारच्या चहाला आली नाही. टोपी डब्यात घालून डबा कपाटावर गेला. काल बसमध्ये मी तिच्यामागे बसले होते. तलावाची भिंत उजवीकडे लागते. ती डावीकडच्या खिडकीशी बसली, आणि भिंत यायच्या आधीच मान वळवून चिकटवलेल्या जाहिराती वाचू लागली. छपराचा पत्रा, गुडघ्याचं तेल, सगळं वाचलं. चष्मा न लावता. रंग भरून झाला की पुढच्या रविवारी मेव्हिस कॅमेरा घेऊन येणार आहे, आणि ती येऊ नये असं तिला सांगायचं धैर्य, मालकाच्या टेबलाशी बसलेल्या या बाईला होत नाही.

तुला एका भिंतीने काय फरक पडतो? तुझा चेहरा बसच्या पाठीवर आहे, बिस्किटांच्या पुड्यावर आहे. तिला दुसरी भिंत मिळणार नाही. ती चौऱ्याऐंशीची आहे. तेव्हा हट्ट करू नकोस, कारणं सांगू नकोस, तुझ्या त्या मॅनेजरला विचारतो म्हणू नकोस. तो मॅनेजर तुझ्याहून वयाने लहान आहे आणि मोजे घालत नाही.

तुझी,
विनिफ्रेड आत्या

ता.क. जागा सोडल्याच्या पत्राचा मजकूर सोबत आहे. चार ओळींचा आहे, तुला पेलेल. त्यात 'विनम्रपणे' हा शब्द मी मुद्दाम घातला आहे, तो काढू नकोस.

ता.क. २. डोरीनला मी हे पत्र वाचून दाखवलं. तिचं म्हणणं, मी फार लागट लिहिते, आणि पोरगं वाळलंय, त्याला कोणी मांस भरून भाजलेली 'मीट पाय' आणि लाल कोबीचं लोणचं करून घालत नाही वाटतं. तुझ्या मालिकेचा एकही भाग ती चुकवत नाही, हे मला आजच कळलं. मला न सांगता बघायची. ती विचारते, तुझा फौजदार त्या नर्सशी लग्न करणार आहे की नाही? तिला आधी कळवावं, कोणाला सांगणार नाही. (मेव्हिसला सांगेल.)

ता.क. ३. गुरुवार. आमच्या टपालाचा भरवसा नाही, हे सकाळी उठल्यावर लक्षात आलं. पत्र तुला सोमवारी मिळणार आणि तू ते बुधवारी उघडणार. तेव्हा सही करायची तसदी घेऊ नकोस. गेली वीस वर्षं तू मला तुझे कोरे फोटो गठ्ठ्याने पाठवतोस, 'आत्या, वेळ नाही, तूच सही करून वाटत जा' म्हणून. मी केल्या, वाटल्या. या शहरात तुझी सही म्हणून जी ओळखली जाते, ती माझीच आहे. तुझी खरी सही इथे कोणी ओळखणार नाही. माझं मागणं एवढंच, पिअर्सचा फोन आला तर 'हो, माझंच पत्र' म्हणायचं आणि ठेवायचा. भाषण करायचं नाही.

पोच

गुरुवार, दुपार. श्री. पिअर्स हॅल्डेन, अध्यक्ष, यांच्या हाती दिले: श्री. नेव्हिल स्टॅनिफोर्थ यांचे जागा सोडल्याचे पत्र, सहीसह, एक. श्रीमती डोरीन रॅग यांचा फोटो, टोपी घातलेला, एक.

देणार: वि. स्टॅनिफोर्थ. घेणार: पि. हॅ.

शेरा: अध्यक्षांनी सही मासे-बटाट्याच्या दुकानात चौकटीत लावलेल्या श्री. स्टॅनिफोर्थ यांच्या फोटोवरच्या सहीशी ताडून पाहिली. तंतोतंत जुळली.