टाकीखालचं डॅफोडिल

पालमपूर,
१८ सप्टेंबर २०२३

ती. आपास अतीकचा सलाम. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, आता हिमाचलात एकटा काय करतोस, सोलापूरला आमच्या वरच्या खोलीत राहायला ये, असं तू सातव्यांदा लिहिलं आहेस. आपा, माझ्या कुंड्यांचं काय करू? ही बुटकी, रानटी जातीची डॅफोडिलं आहेत. त्यांना सोलापूर सोसणार नाही. तिथला मे महिना मला आठवतो, चपला डांबराला चिकटायच्या.

तरी सोलापुरात फुलवून दाखवायची तुझी पैज मान्य. सोबत सुपारीएवढे बारा कंद आहेत. विषारी आहेत, स्वयंपाकघरापासून लांब ठेव. निम्मी वाळू घालून लाव, थंडीत बेतानं पाणी दे, पानं वाळली की पाणी बंद. एक जरी फूल आलं तर बिऱ्हाड आवरून येतो. नाही आलं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही.

अल्तमशला आणि राहत सूनबाईला दुआ. रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझा,
अतीक


भवानी पेठ, सोलापूर,
२० जानेवारी २०२४

चि. अतीक यास अनेक दुआ. वि. वि.

फोनवर तू ‘बरं आहे’ यापलीकडे बोलत नाहीस, म्हणून पत्रच बरं. कळवण्यास आनंद होतो की फुलं आली. एक नाही, अकरा. पिवळीजर्द, माझ्या पंजाएवढी, आणि वास थेट गल्लीच्या तोंडापर्यंत. शेजारचे बसप्पा म्हणाले, बाई, असलं फूल उभ्या पेठेत न्हाय.

निगाही तशीच ठेवली होती. नळाला पाच दिवसांनी पाणी येतं, पण कुंडीचा रोजचा तांब्या मी चुकवला नाही. ऊन लागू नये म्हणून तिला माठाशेजारी बसवलं आणि कूलर तिच्याकडे तोंड करून लावला. राहत म्हणाली, अम्मी, जानेवारीत कूलर? मी म्हटलं, पाहुणे हिमाचलचे आहेत.

फोटो काढणार होतो, पण राहतचा फोन नेमका बिघडला. वरच्या खोलीला रंग दिला आहे. कधी निघतोस?

वाट पाहणारी,
शगुफ्ता आपा


पालमपूर,
२ फेब्रुवारी २०२४

ती. आपास सलाम. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा आनंद झाला, दुसऱ्यांदा हसू आलं. आपा, या जातीचं फूल माझ्या अंगठ्याच्या पेराएवढं असतं. रंग फिका, लिंबाच्या सालीसारखा. आकार फुललेल्या परकरासारखा. वास असलाच तर नाक आत खुपसल्यावर. तू वर्णन केलेलं डॅफोडिल मी बिस्किटांच्या डब्यांवर पाहिलं आहे.

बत्तीस वर्षं शाळेत मुलांची कॉपी पकडलीस. उतरवायचं कसं, हे मात्र त्यांच्याकडून शिकली नाहीस. आता विषय बंद.

रोजच्या तांब्याभर पाण्याचं वाचून जीव हळहळला. गोळ्या वेळेवर घे.

तुझा,
अतीक


भवानी पेठ,
२८ मार्च २०२४

चि. अतीक यास दुआ. वि. वि.

डबा राहतच्या माहेरून आलेला. बाकी तुझं सगळं खरं. अकरा कंदांचा चिखल झाला. एक उरला आहे. त्याच्या कुंडीकडे बघवेना, म्हणून रागानं गच्चीवर पाण्याच्या टाकीखाली ढकलून दिली.

पण आता तू ऐक. राहतनं फोनवर शोधून काढलं (फोन बिघडलेला नव्हता) की तुझी ही डॅफोडिलं मूळ मोरोक्कोच्या डोंगरातली आहेत. उन्हाळाभर कोरड्या मातीत तापत झोपतात, थंडीत उठतात. म्हणजे सोलापूरचा मे त्यांना आजोळासारखा. चाळीस वर्षं शेतकी केंद्रात काढलेल्या माणसाला हे ठाऊक नव्हतं होय? मी खोटं बोलले ते तू यावास म्हणून. तू खोटं बोललास ते यायला लागू नये म्हणून. कुणाचं जास्त वाईट, ते तूच ठरव.

एक कंद शिल्लक आहे. पैज आणखी एक हिवाळा चालेल. हे विचारत नाही, सांगते.

धाक आणि लोभ दोन्ही राखून,
आपा


भवानी पेठ,
१४ जानेवारी २०२५

चि. अतीक यास दुआ. वि. वि.

एप्रिलपासून मी ती कुंडी साफ विसरले. टाकी आमच्याकडे कधी भरून वाहत नाही, त्यामुळे खाली पावसाळ्यातही कोरडंच होतं. ऑक्टोबरात बसप्पा टाकी धुवायला चढले, धुण्याचं पाणी कुंडीत सांडलं, आणि पंधरा दिवसांत गवतासारखी पानं वर आली. मग बेतानं पाणी घालत राहिले, पण तुला कळवलं नाही. माझ्या शब्दाची किंमत मला ठाऊक आहे.

काल फूल आलं. एकच. तोडून पाठवणार होते, पण हात धजेना. म्हणून पंचनामा केला. शिंप्याच्या टेपनं घेर मोजला, आठ सेंटिमीटर. रंग फिका लिंबू. वास राहतला आला, मला नाही. बसप्पा वाकून बघून म्हणाले, एवढ्यासाठी गुडघं मोडत वर आणलंत व्हय? पण सही केली त्यांनी. राहतचीही आहे. फोटो जोडला आहे.

आता तू काय म्हणतोस?

आपा


पालमपूर,
२७ जानेवारी २०२५

ती. आपास सलाम. वि. वि.

घेर बरोबर आहे. फोटो उशाशी ठेवला आहे.

आता माझा पंचनामा. गेल्या जुलैत अंगणात घसरलो. मांडीचं हाड मोडलं. दोन महिने पलंगावर होतो, आणि तुला फोनवर ‘बरं आहे’ म्हणत होतो. कुंड्या आत घ्यायला कुणी नव्हतं. इथला पाऊस तुला माहीत नाही, सगळे कंद कुजले. आता या जातीचा माझा एकच जिवंत कंद आहे, तो तुझ्या टाकीखाली.

यायचं टाळत होतो कारण कुणाच्या घरी ओझं होऊन राहायची भीती वाटते. आता काठी घेऊन चालतो, जिने जमत नाहीत. तुमची वरची खोली चौदा पायऱ्यांवर आहे, लहानपणी मोजल्या होत्या. पैज हरलो हे कबूल. पण कसा येऊ?

अतीक


भवानी पेठ,
६ फेब्रुवारी २०२५

चि. अतीक यास दुआ. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी रडले, मग चिडले, मग अल्तमशकडून तुझं दिल्लीहून सोलापूरचं तिकीट काढून घेतलं. तारीख बावीस. पालमपूरहून तुला आणायला अल्तमशच येतो आहे, त्याच्याशी वाद घालू नकोस.

वरची खोली मी घेतली. पलंग काल चढला. माझी खालची खोली तुला, दारातून तीन पावलांवर न्हाणीघर. ओझ्याचं म्हणशील तर चौदा पायऱ्या चढून कुंडीला पाणी मीच घालणार आहे. तू खाली खुर्चीत बसून किती घालायचं ते ओरड. मी ऐकेनच असं नाही.

आपा