ड्रॉवर पूर्ण उघडला नाही, तरी मुलगा चांगला आहे

ती. ताईस,

धाकट्याचा, गुडघ्यांची कुरकुर ऐकत का होईना, पण पार खाली वाकून नमस्कार. इकडे सगळे धडधाकट आहेत. तुझी मान आता दोन्ही बाजूंना वळते का? भावोजींचा खोकला गेला, की त्यांनी औषध पुन्हा कुंडीत ओतलं? (त्या कुंडीतलं झाड मागच्या वेळी फारच टवटवीत दिसलं, म्हणून विचारतो.)

तू फोनवर म्हणालीस, मुलगा बघून आलास ना, मग हो की नाही ते एका शब्दात सांग. ताई, एका शब्दात मावण्यासारखं असतं तर मी पत्र कशाला लिहायला बसलो असतो? शिवाय फोन हातात घेतला की ठमी खोलीत येते, आणि सध्या माझी लेक खोलीत आली की मी बाहेर जातो. कारण पुढे येईलच.

आपलं काय ठरलं होतं ते आठव. ठमीने लग्नासाठी मुलगा स्वतःच पसंत केला. मुलगा विमानाचा को-पायलट. घरी चहाला आल्यावर सगळेच गोड बोलतात, तेव्हा त्याला कामावर बघायचं, तेही त्याच्या नकळत. ही कल्पना तुझी. (कल्पना कोणाची, असं ठमी सारखं विचारते आहे. मी अजून तोंड उघडलेलं नाही, याची नोंद घे.) तुझी अटही एकच होती. मुलगा काम अर्ध्यावर सोडणारा नको, तसला एक माणूस घरात आहे तेवढा पुरे. तो माणूस म्हणजे मी, आणि पुरावा म्हणजे मीच केलेल्या तुझ्या कपाटाचा खालचा ड्रॉवर, जो अर्ध्यावर अडकतो. असो. ठमीकडून गप्पांच्या ओघात त्याचं विमान कुठलं ते काढून घेतलं, लाकूड बघायला जातो असं घरी सांगितलं, आणि पंखाच्या जरा मागची खिडकी धरून बसलो.

आता इथे थोडं थांबावं लागेल, कारण तू विमानात डोळे घट्ट मिटून बसतेस आणि पंखाची मागची कड तू कधी पाहिलेली नाहीस. तिथे फ्लॅप असतात. म्हणजे पंखात दडवलेले ड्रॉवरच समज. उडताना थोडे बाहेर असतात, वर गेलं की आत सरकतात, आणि उतरताना पुन्हा बाहेर येतात, ते चांगले ऐसपैस. त्यामुळे पंख मोठा होतो आणि विमान हळू गेलं तरी पडत नाही, असं ठमीनेच मला समजावलं होतं. मागच्या प्रवासात मी डोळ्यांनी पाहिलं, घर बदलायच्या दिवशी सगळी कपाटं उघडी टाकावीत तसा अख्खा पंख उघडला होता. इतकं सुबक सरकणारं काम मी जन्मात केलेलं नाही. (हे तू इतर कोणाला सांगू नकोस.)

तर विमान उडालं. फ्लॅप बिनआवाजाचे आत गेले आणि मी मनातल्या मनात मुलाची पाठ थोपटली. तोवर कॅप्टनबाईंचा आवाज आला की, आतल्या हवेचा दाब हवा तसा टिकत नाहीये, म्हणून जास्त वर न जाता आपण माघारी फिरतो आहोत, घाबरायचं कारण नाही. मी घाबरलो नाहीच. मी खूश झालो. मुलाचं चढवणं बघितलं होतं, आता उतरवणंही लगेच बघायला मिळणार! नाक काचेला लावलं. जमीन जवळ येऊ लागली. फ्लॅप निघाले, आणखी निघाले, आणि थांबले. मी काचेवर अंगठा धरून माप घेतलं. मागच्या वेळेपेक्षा कमी! ताई, माझा उभा जन्म ड्रॉवर करण्यात गेला. अडकलेला ड्रॉवर मला पाठमोरा दाखवला तरी ओळखू येतो.

मी शेजारणीच्या कानात म्हणालो, "बाई, ड्रॉवर अडकलाय." पण माझा आवाज करवतीच्या यंत्रावर तयार झालेला, त्यामुळे तो शेपटापर्यंत गेला. शेजारीण हेडमास्तरीण होती. तिने एकदा पंखाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि बहुधा मीच जास्त अडकलेला आहे असं ठरवलं. मागे कोणीतरी रडायला लागलं. मग माझ्याच्याने राहवेना. माझ्या खिशात मेणबत्तीचा तुकडा कायम असतो, हे तुला माहीत आहे. सरकपट्टीला घासला की कसलाही हट्टी ड्रॉवर लोण्यासारखा निघतो. तो मी उंच धरला आणि हाक मारली. एअर होस्टेस पट्टा सोडून धावत आली.

"काका, हात खाली. काय आहे ते?"

"हे पुढे धाकट्या पायलटला द्या. म्हणावं, पट्टीला घास."

"कुठल्या पट्टीला?"

"त्याला कळायला हवं. माझा जावई व्हायचाय तो."

ताई, त्या क्षणानंतर फ्लॅपकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. होस्टेस मेणबत्ती मुठीत धरून तशीच आपल्या जागेवर जाऊन बसली आणि सगळं विमान माझ्याकडे वळलं. व्हायचाय म्हणजे, ठरलंय की नाही? मी म्हटलं, बघायला आलोय. विमानात? मग कुठे, तो इथेच असतो! पलीकडचे एक गृहस्थ म्हणाले, नोकरी बरी आहे पण घरी कधी असतात हो हे लोक. रडणारी बाई रडायची थांबून म्हणाली, नवरा अधूनमधून घरी नसावाच. पुढे एकजण डोळे मिटून देवाला आळवत होता, त्याने एक डोळा उघडून विचारलं, "मुलगी काय करते?" दातांची डॉक्टर म्हटल्यावर त्याने दुसराही उघडला आणि दाढ दाखवायला लागला. शेवटी हेडमास्तरीणबाईंनी टाळी वाजवून सगळ्यांना गप्प केलं. "निकाल आधी नाही. पेपर होऊ दे."

पेपर झाला. धावपट्टी नेहमीपेक्षा भराभर पळत आली, चाकं टेकली, विमान लांबवर धावलं आणि शहाण्यासारखं थांबलं. हेडमास्तरीणबाई म्हणाल्या, "मुलगा पसंत असेल त्यांनी हात वर करा." देवाला आळवणाऱ्याने दोन्ही केले.

मग कॉकपिटचं दार उघडलं आणि मुलगा बाहेर आला, हातात माझी मेणबत्ती. कान लाल झालेले, पण आवाज शांत. म्हणाला, अडकलं काहीच नव्हतं. नुकतेच उडालो, टाक्या भरलेल्या, विमान जड. जड विमान वेगातच उतरवावं लागतं, आणि त्या वेगाला फ्लॅप पूर्ण काढले तर त्यांच्यावर फार ताण येतो. शिवाय ऐनवेळी पुन्हा वर जायची पाळी आली तर पूर्ण उघडे फ्लॅप मागे ओढतात. धावपट्टी लांब होती, म्हणून हिशेब करून एक टप्पा कमीच ठेवले. मग मला म्हणाला, "काका, भरलेला ड्रॉवर तुम्ही पूर्ण बाहेर ओढता का?"

मी ओढत नाही, ताई. पायावर पडतो.

तेव्हा माझं उत्तर असं आहे. हा मुलगा काम अर्ध्यावर सोडत नाही, काम कुठे थांबवायचं ते त्याला कळतं. माझ्याकडून हो. आता तू हो म्हण. भावोजींना नमस्कार, कुंडीला आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. १: पूर्ण खरं सांगायचं तर विमान कॅप्टनबाईंनी उतरवलं. मुलाने आकडेमोड केली आणि फ्लॅपचा दांडा ओढला. म्हणजे ज्या कामावर मी ओरडलो, नेमकं तेवढंच त्याचं होतं.

ता. क. २: मुलाने मला एवढंच सांगितलं की, विचार करून कळवतो. तेव्हापासून 'कल्पना कोणाची' याखेरीज ठमी माझ्याशी काही बोलत नाही. एवढं पत्र लिहिलं ते खरं यासाठी की, ही कल्पना तुझी होती असं तू तिला फोन करून सांगावंस. तुझ्यावर तिला रागावता येत नाही.

ता. क. ३: पाकीट चिकटवणार तेवढ्यात मुलगा घरी आला. तो लग्नाला तयार आहे, फक्त सासऱ्यांनी विमानात खिडकीशी बसायचं नाही. मेणबत्ती परत देत नाही, खिशात ठेवणार म्हणतो. त्या आनंदात माझ्या तोंडून तुझं नाव निघून गेलं. ठमी आणि तो तुझ्याकडेच निघाले आहेत, आणि पत्राच्या आधी पोहोचतील असं वाटतं. बेल वाजली की दार उघड, पण आधी ठमीचा चेहरा बघ, आणि एक टप्पा कमीच उघड.