बाबांच्या अंगठ्याशेजारचं फूल

शुक्रवार, संध्याकाळ. डिस्कव्हरी गार्डन्स.

बाबा जाऊन महिना झाला आणि हिमालयातून त्यांनी पाठवलेल्या शेवटच्या फोटोतलं फूल आज ओळखलं. इवलंसं, पिवळं. मापासाठी शेजारी त्यांनी स्वतःचा अंगठा धरलाय. खाली लिहिलंय, "ओळख बघू!" लहानपणी शिकवायचे, चार पाकळ्यांची फुली दिसली की मोहरीचं कूळ समजायचं. मोजल्या, चारच निघाल्या. मग लेकीने ॲपवर नाव काढलं. "इट्स ड्राबा, आई! मस्टर्ड फॅमिली, यू वेअर राइट! व्हाय आर यू क्रायिंग?"

उत्तर बरोबर आलं, पण शाब्बास कोण म्हणणार? तरी वेड्यासारखं नाव त्यांच्या नंबरवर पाठवलंच. एकच टिक आली.

मघापासून फूल सोडून तो अंगठाच मोठा करून बघतेय. नखात माती आहे.