करीम, मी आणि पुढची सीट

रविवार, १९ जानेवारी

आधी माफी. एक तारखेपासून रोज लिहायचं ठरलं होतं आणि आज एकोणीस उजाडली. कारण पेन. नंतर सर्दी. डायरीने समजून घ्यावं.

आजची मोठी बातमी. करीम नदीत होडी वल्हवायला जातो! कयाक म्हणतात. पाणी जिथे खळाळतं, दगडावर आपटतं, तिथे मुद्दाम जायचं. रविवारी ग्रुपने. वय बहात्तर. शर्मिला म्हणून खराडीतली एक कॉम्प्युटरवाली मुलगी ग्रुप चालवते.

चाळीस वर्षं आमची दुकानं एका भिंतीला होती. माझं शिलाई मशीन दुरुस्तीचं, त्याचं फोटो फ्रेमचं. चहा एक मागवायचा आणि दोघांत प्यायचा. दिवाळीनंतर त्याने दुकान बंद केलं आणि मुलाकडे, अल्ताफकडे, खराडीला अकराव्या मजल्यावर राहायला गेला. तिथून खाली उतरून कोथरूडला यायला त्याला अजून वेळ मिळालेला नाही.

मला काही करमत नाही वगैरे असं नाही. मला भरपूर कामं असतात. पण बहात्तराव्या वर्षी वाहत्या पाण्यात शहाण्या माणसाची सोबत नको? दोन माणसांच्या होडीत त्याच्यापुढची सीट रिकामी आहे म्हणे. ती मी घेणार. करीमसाठी.

पोहता येतं का, असं शर्मिलाने फोनवर विचारलं. थोडंफार, म्हणालो. घाटाच्या पायऱ्यांवर बसून पाण्यात तर मी कितीदा पाय हलवलेत.

बुधवार, २२ जानेवारी

व्हिडिओ पाहिले. सोपं आहे. शाळा माझी नववीत सुटली, पण यंत्र मला बघितल्यावर कळतं. होडी म्हणजे यंत्रच.

दिवाणावर बसून झाडूने सराव केला. डावं, उजवं, डावं. कुसुम दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, अहो, हात चालूच आहे तर वरची जळमटं पण काढा. या घरात धाडसाला किंमत नाही.

जळमटं काढली. खांद्याला व्यायाम म्हणून.

रविवार, २ फेब्रुवारी

करीमच्या सोसायटीच्या पोहण्याच्या तलावात शिकवणी. पाणी इतकं गार की फ्रीजमध्ये ठेवलं असावं. होडी उलटली की आत बसल्या बसल्या डोकं खाली जातं. मग कमरेभोवतीच्या झाकणाचा पुढचा पट्टा ओढून बाहेर यायचं. मी सगळ्यांना पद्धत नीट समजावून सांगितली. शर्मिलालाही.

तात्याराव नावाचे एक बँकेतून रिटायर झालेले गृहस्थ आहेत. स्वतःचं वल्हं घेऊन आले होते. पांढरी टोपी. करीमच्या पुढच्या सीटवर यांचाही डोळा आहे. उलटले, बाहेर आले, टोपी परत घातली. दिखाऊ माणूस.

माझी पाळी आली तेव्हा मी होडी उलटण्याआधीच बाहेर आलो. शर्मिला म्हणाली, काका, आधी उलटायचं असतं. मी म्हटलं, बाई, धोका ओळखून वेळेवर निघणं हे खरं कौशल्य. करीम इतका हसला की कठड्याला धरून खोकायला लागला. दिवाळीपासून त्याचं हसणं ऐकलं नव्हतं. खोकल्याकडे लक्ष ठेवायला हवं. म्हणून पुन्हा जाणं भाग आहे.

रविवार, ९ फेब्रुवारी

पानशेत रस्त्याला धरणाच्या साचलेल्या पाण्यात सराव. मी पुढे, करीम मागे. पुढच्याने ताल धरायचा, मागच्याने होडी वळवायची. करीम बरोबर वळवतो की नाही ते बघायला मला सारखं मागे बघावं लागत होतं. होडी गोल गोल फिरली. करीम म्हणाला, माधवा, तोंड पुढे कर. चाळीस वर्षं बघितलंय मी ते.

तात्याराव एकटेच सरळ रेषेत गेले आणि सरळ रेषेत परत आले. त्यात काय मजा?

पुढच्या रविवारी कोलाडला, कुंडलिका नदी. खरं खळाळतं पाणी. करीमने सगळ्यांसमोर सांगितलं, पुढे माधव बसेल. तात्यारावांचा चेहरा बघण्यासारखा झाला. गाडीकडे चालताना मात्र करीम हळूच म्हणाला, येशील ना नक्की? की ऐनवेळी कंबर धरशील? आम्ही अजमेरला निघालो होतो तेव्हा माझी कंबर धरली होती. महाबळेश्वरलाही. कंबर काय कॅलेंडर बघून धरते?

मी म्हटलं, लिहून देऊ का? तो म्हणाला, लिहू नकोस, बस फक्त. मी थर्मासमध्ये चहा आणतो. खाली उतरलो की दोघांत पिऊ, दुकानासारखा.

एक गोष्ट नवी कळली. सगळे नदीने जातात, तेव्हा एकाला गाडी घेऊन रस्त्याने खाली जाऊन थांबावं लागतं. यावेळी तात्याराव. कीव आली. इतक्या लांब जायचं आणि ड्रायव्हर व्हायचं!

गुरुवार, १३ फेब्रुवारी

तयारी पूर्ण. मनाची तर कधीच झाली आहे.

ग्रुपवर काही साधे प्रश्न विचारले. हेल्मेटचा पट्टा तुटला तर? मगर आहे का? नसेल तर कशावरून? शर्मिलाने सगळ्यांना मिळून एक अंगठा पाठवला. वर लिहिलं, धरणातून सकाळी पाणी सोडतात, ते आलं की लगेच निघायचं. उशीर झाला तर पाणी पुढे जातं आणि आपण दगडांवरून होड्या ओढत बसतो. म्हणजे नदीलाही टाइमटेबल. चांगलं आहे. वक्तशीरपणा मला आवडतो.

रात्री जेवण गेलं नाही. कुसुम म्हणाली, अहो, भीती वाटत असेल तर करीमभाईंना तसं सांगा, ते काय परके आहेत? भीती! मला फक्त ॲसिडिटी आहे.

रविवार, १६ फेब्रुवारी, पहाटे

निघतो आहे. नारळ घेतला. कंबर ठीक. उगाच ठीक.

तोच दिवस, दुपार, गाडीत

सविस्तर लिहितो. पुढे कोणी वेगळं सांगू नये.

नदीवर पोचलो. पाणी आलं. आवाज व्हिडिओत असतो त्यापेक्षा जास्त असतो, हे कोणी सांगत नाही. सगळे होड्यांत बसायला लागले. मी म्हटलं, थांबा, आधी नदीची पूजा. हळदकुंकू गाडीत राहिलं होतं, ते आणलं. मग काडेपेटी. मग मी सगळ्यांचे पट्टे तपासले, मग माझा पट्टा परत सैल केला, मग झाडामागे जाऊन आलो. दोनदा. शर्मिला म्हणाली, काका, पाणी चाललंय हो! शेवटी अख्खा नारळ पाण्यात सोडला. तो गर्रकन फिरला, खाली गेला, लांब कुठेतरी वर आला.

करीम होडीत बसलेला. पुढची सीट रिकामी. माझ्याकडे बघत होता.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की तात्याराव घाटात फार जोरात गाडी चालवतात. एवढ्या लोकांचे कोरडे कपडे, नाश्ता, मोबाइल त्या गाडीत. जबाबदार माणूस नको? मी किल्लीसाठी हात पुढे केला. कंबरेचं नाव मी काढलं नाही. हात आपोआप तिथे गेला असेल.

तात्याराव टुणकन पुढच्या सीटवर. करीमने थर्मास माझ्याकडे दिला. म्हणाला, तूच घेऊन ये, वाटेत सांडेल.

शर्मिलाने पहिल्या पुलापाशी थांबायला सांगितलं होतं. तिथे रणरणतं ऊन. गाडी तापली तर टायरला चांगलं नाही. म्हणून मी विचार करून पुढे दुसऱ्या पुलाजवळ आंब्याखाली थांबलो. शोधतील. गाडी केवढी मोठी आहे! फोनला रेंज नाही, त्यामुळे शांतता उत्तम.

वाट बघितली. चहा गार होऊ नये म्हणून माझा अर्धा प्यायलो. पुन्हा वाट बघितली. मग राहिलेला गार होणार म्हणून तोही.

पाणी हळूहळू उतरलं. दगड वर आले. आणि वरून माझा नारळ आला! तोच. कुंकू धुतलेलं, पण शेंडीला मी बांधलेला लाल दोरा. डुलत डुलत पुलाखालून निघून गेला. नारळ पोचला आणि माणसं नाहीत. त्यांचं वल्हवणं कच्चं आहे, मी आधीच म्हटलं होतं.

तोच दिवस, रात्री, घरी

शेवटी एक बाई गुरं घेऊन आल्या. म्हणाल्या, होडीवाले होय? ते वरल्या पुलाशी कवाचे बसल्यात, ओल्या कापडात.

गेलो. बसले होते. शेवटचा टप्पा दगडांवरून होड्या ओढत आले होते. तात्यारावांची टोपी गेली, पण माणूस वेड्यासारखा खूश. करीमभाई, त्या तिसऱ्या उडीला आपण काय बसलो! असं सारखं चाललं होतं. आपण!

करीमचे ओठ निळे. म्हणाला, चहा? मी थर्मास दिला. त्याने हलवून बघितला, झाकण परत लावलं आणि माझ्या मांडीवर ठेवला. पुण्यापर्यंत खिडकीबाहेर बघत होता. चांदणी चौकात मी उतरताना शर्मिला म्हणाली, काका, तब्येत सांभाळा. किती काळजी आहे मुलीला.

गुरुवार, २० फेब्रुवारी

ग्रुपवर मेसेज जात नाहीत. फक्त शर्मिला लिहू शकते, अशी नवी सोय केली आहे. शिस्त हवीच. पुढच्या रविवारची यादी टाकली आहे. दोन सीटची होडी: करीमभाई, तात्याराव. गाडी: ड्रायव्हर ठरवला आहे.

करीमचा फोन नाही. मी दोनदा केला, सून यास्मिनने उचलला. म्हणाली, अब्बांना ताप होता, आता बरे आहेत, झोपलेत. दुपारी चारला करीम कधी झोपत नाही. चारला आमचा चहा असायचा.

कुसुमने थर्मास घासून ओट्यावर पालथा ठेवला आहे. येता जाता दिसतो. ती म्हणाली, अहो, खराडीला बस जाते. बसला गर्दी असते. आणि काय म्हणून जायचं?

मेसेज लिहिला आहे. तीनदा खोडला. इथे पक्का उतरवून ठेवतो, मग पाठवीन.

करीम, ताप उतरला का? पुढची सीट तात्यारावांना दिलीस ते योग्यच केलंस, सरळ वल्हवतो माणूस. मला होडी नको. तुझ्या तलावाच्या कठड्यावर बसू. पाय पाण्यात सोडीन, म्हणजे थोडंफार. तुझा थर्मास माझ्याकडेच आहे. भरून आणतो, दोघांचा. कधी येऊ तेवढं लवकर कळव. आज कळवलंस तरी चालेल.