नात प्यायला लागली, ते सांगायचं होतं

अहो मेघाचे बाबा,

त्या सकाळी अंगण झाडून झालं होतं, चुलीवर पाणी तापत होतं आणि तुम्ही बाजारात न्यायची वांगी भरून बाजेवर टेकला होतात. तुमचं जुनं धोतर मी पोतेऱ्यासाठी फाडायला घेतलं, तर तुम्ही हातातून ओढलंत. "फाडू नको व. मेघाच्या लेकराले दुपट्याले होईल. नवं कापड टोचते त्याईले." मेघाचं तेव्हा लग्नही ठरलं नव्हतं. मी म्हटलं, "लेकराचा पत्ता नाही अन् दुपटे पाहून राहिले." तुम्ही हसलात आणि चहा मागितला.

आज लिहायला बसले, कारण घरात बातमी आहे आणि ती ऐकायला तुम्ही नाही. सामानाच्या पुड्यांचे कागद वाचून मी अक्षरं शिकत होते तेव्हा तुम्ही चिडवायचात. आता तीच कामी येतात.

मेघा पहिल्या बाळंतपणाला पातूरला आली. अकोल्याच्या दवाखान्यात मुलगी झाली. नाक तुमच्यासारखं बसकं आहे, रागावू नका. पण घरी आणलं आणि लेकरू छातीला तोंडच लावेना. जवळ घेतलं की मान मागे टाकून किंचाळायची. कसंबसं धरलं तरी लगेच सोडायची. मेघाच्या छातीला चिरा पडल्या. लंगोट कोरडे निघू लागले. काढलेलं दूध वाटी-चमच्याने पाजायचो, त्यावर कशीबशी तगली होती.

तुमच्या बहिणीला, कुसुमवन्संना, मदतीला बोलावलं होतं. त्यांचं तोंड तुम्हाला ठाऊक आहे. "वैनी, दुधाची शिशी आना. हिले दूधच नाही. दिवसभर मोबाइल पाह्यल्यावर कुठून येईन?"

मेघा भिंतीकडे तोंड करून पडली. मी विचारलं, "काहून रडून राहिली?"

"आई, मी हात लावला का ते रडते. त्याले मीच नको आहे. शिशीच आन."

पोरीचं हे बोलणं ऐकून मला भीती वाटली. उपाशी लेकरू तर होतंच, आता आईही हात काढून घेत होती. तुमचा फार राग आला तेव्हा. तुम्ही असता तरी काय केलं असतं? बाहेर बाजेवर बसून राहिला असता. पण बसला असता ना?

दुपारी सरकारी दवाखान्यातली नर्सबाई लेकराला पाहायला आली. लेकरू तुमच्या धोतराच्या दुपट्यात घट्ट आवळलेलं. पाजतानाही मी ते सोडू देत नव्हते. थंडी लागेल म्हणायचे. खरं सांगू? आजोबांची तेवढीच ऊब तिला मिळते, असं मी मनाशी धरलं होतं.

नर्सबाई म्हणाली, "आजी, हे लेकरू हाय का पार्सल? सोडा पहिले. पोटाले पोट लागू द्या."

माझा हात पुढे होईना. मेघा उठून बसली. "आई, सोड ना."

सोडलं. तुम्हाला उचलून नेलं त्या दिवशी हात असेच रिकामे झाले होते.

उघडं लेकरू मेघाच्या उघड्या छातीवर ठेवलं, वरून चादर टाकली. ते गप्प झालं. कुसुमवन्सं मागून लेकराचं डोकं दाबायला गेल्या, तशी नर्सबाईने हात धरला. "दाबू नका, ते अजून मांगं जाते. पाठीले आधार द्या. तोंड मोठं उघडलं का मंग जवळ घ्या. नुसतं टोक नाही, काळा भाग बी तोंडात जाऊ द्या."

पहिल्यांदा सुटलं. दुसऱ्यांदा नीट धरलं नाही, म्हणून मेघाने बोट घालून सोडवलं. मग चिमणीच्या पिलासारखं तोंड उघडलं, हनुवटी छातीला रुतली आणि घुटका ऐकू आला. मग आणखी एक. मेघा हळूच म्हणाली, "आई, दुखत नाही."

कुसुमवन्सं म्हणाल्या, "माह्यावर गेली. जेवाची घाई नाही, पन एकदा बसली का उठत नाही."

सगळ्या हसल्या. मी बाहेर आले आणि तोंडातून निघून गेलं, "अहो, पिली." बाजेवर कोणी नव्हतं. एवढी मोठी गोष्ट, आणि ती घेऊन मी अंगणात नुसती उभी.

तुम्ही गेल्यापासून मी कोणाच्या दारात गेले नाही. गेलं की बाया बोलता बोलता थांबतात आणि माझ्याकडे कीव करून पाहतात. त्यापेक्षा घर बरं वाटतं. पण तुम्हाला शब्द देते, या घरातलं चांगलं झालेलं मी एकटीच्या पोटात ठेवणार नाही.

इथवर काल लिहिलं होतं. आज सकाळी चहा झाल्यावर मी शेजारच्या शांताबाईच्या ओट्यावर जाऊन बसले आणि म्हटलं, "आमची नात प्यायले लागली."

तुमची,
सुमन