गुलाबी पक्ष्यांपायी

देवरुख
२० फेब्रुवारी २००९

ती. कुशलदादास शि. सा. नमस्कार.

तुझं काम गेल्यापासून बाबा रोज जेवताना त्या अजीज फोरमनला शिव्या घालतात. मुद्दाम नाव कापलं म्हणे माझ्या पोराचं! आई म्हणते, निदान आमटीत मीठ आहे का ते तरी बघा.

कॉलेजात सध्या निसर्गाच्या कविता चालल्यात. एकटा माणूस तळ्याकाठी जातो आणि त्याचं मन निवतं, अशा. मी तुझं खाडीवरच्या गुलाबी पक्ष्यांचं पत्र वर्गात वाचलं. बाई म्हणाल्या, हाच तो कवी! मी म्हटलं, आठवी नापास आहे. आता वार्षिक अंकात छापायचंय. हो म्हण.

माया पातळ करू नकोस.
तुझी अस्मिता

इंटरनॅशनल सिटी, दुबई
५ मार्च २००९

चि. अस्मितास अनेक आशीर्वाद.

छापू नकोस. आधी हे वाच.

मंदी आल्यापासून साइटला नेणाऱ्या बसपाशी सकाळी सातला अजीजभाई नावं पुकारायचे. तीनदा पुकारून माणूस नसला की खलास, कायमचा. त्या दिवशी मी जवळच्या खाडीवर होतो. खोलीत आम्ही आठ जण, पण मनातलं बोलावं असं कुणी नाही. पक्ष्यांकडे बघत उभं राहिलं की छातीवरचा दगड उतरतो. ऊन वर येतं तसे ते पेटत जातात. म्हटलं, अजून पाच मिनिटं. मग अजून पाच.

पोचलो तर बस गेलेली. संध्याकाळी कामावरून आल्यावर खोलीतला हमीद म्हणाला, अजीजभाईंनी तुला चौथ्यांदाही पुकारलं, बाकीचे ओरडले तरी.

आणि मी फोनवर काय सांगितलं? मुद्दाम कापलं. बाबांच्या शिव्या माझ्या वाट्याच्या, जातात भल्या माणसाला. परवा ते खोलीवर माझ्यासाठी मच्छी-भात घेऊन आले. मला मान वर करवेना. घास तर गिळला, निर्लज्जासारखा.

अजून रोज खाडीवरच जातो. दुसरीकडे कुठे बरं वाटत नाही, याचीपण लाज वाटते. हे बाबांना वाचून दाखव. माझ्या तोंडून निघणार नाही.

रागावलीस तरी पत्र टाकत जा.
तुझा दादा, कुशल

देवरुख
१६ मार्च २००९

ती. दादास शि. सा. नमस्कार.

वाचून दाखवलं. बाबा ताटावरून उठले, अंगणात बसून राहिले. आत आले ते कागद घे म्हणाले, हिंदीत लिही. सोबतचं पत्र अजीजभाईंना आहे. त्यात बाबांनी त्यांची माफी मागितलीय, हात जोडून.

बाबांची अट एकच. त्यांच्यासमोर उभं राहून ते तू वाचायचंस. शब्द गाळायचा नाही.

जीव लावून आहोत सगळे.
तुझीच, अस्मिता