रूथ जस्टिन साळवे

आदरणीय प्रभुदासदादा,

नागापूरहून तुमच्या धाकट्या भावाचा सलाम.

आमची रूथ दिवाळीपासून शाळेत गेली नव्हती. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. एका दुपारी आईला म्हणाली, "मम्मी, मला काहीच नको वाटतंय. जगणंसुद्धा." त्याच संध्याकाळी मी तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, "मनाच्या डॉक्टरकडं ने, पण नाव दुसरं सांग. इथं मिरजगावात कळलं तर पोरीचं लग्न व्हायचं न्हाई."

कंपनीत रजा टाकून मी तिला दवाखान्यात नेलं. केसपेपरच्या खिडकीतल्या बाईंनी नाव विचारलं, तेव्हा तुमचं बोलणं आठवून मी अडखळलो. तेवढ्यात रूथच पुढं झाली. "रूथ जस्टिन साळवे. दहावीत आहे." कित्येक आठवड्यांनी तिचा आवाज एवढा मोकळा ऐकला, दादा.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "भीती नाही वाटली?"

"वाटली. पण पप्पा, बरं मला व्हायचंय. दुसऱ्या नावाची पोरगी बरी होऊन मला काय उपयोग?"

अजून ती पुरती सावरलेली नाही. काही दिवस फार वाईट जातात. तरी आम्ही दर बुधवारी जातो, आणि काल तिनं शाळेचा युनिफॉर्म स्वतः इस्त्री केला.

मनातलं नीट जुळवायला लिहिलेलं हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. ईस्टरला रूथला घेऊन मिरजगावला येतोय, तेव्हा तोंडानंच सांगेन. चर्चमध्ये कुणी विचारलं, तर ती लपवणार नाही आणि मी तिच्या शेजारी उभा असेन. दुसऱ्या बाजूला तुम्ही उभं राहा.

तुमचाच,
जस्टिन